परक्या लेखणीतील वस्ती



नारायणगुड्याच्या ज्या वर्गात मी मराठी शिकवितो, तेथील मुले रस्त्यावर तेलुगू बोलतात, बाजारात दखनी बोलतात आणि मराठी बहुधा आईजवळच बोलतात. त्यामुळे पुस्तकातले काही अडले की ती संकोच न करता विचारतात. एकदा साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’तील ‘देवाला सारी प्रिय’ हे प्रकरण मी वर्गात वाचून दाखवीत होतो. एका म्हाताऱ्या महारणीची मोळी वाटेत पडते. ती उचलून डोकीवर द्यावयास कोणी पुढे होत नाही, कारण शिवाशिवीचे भय. श्यामची आई श्यामला सांगते की, जा, तिला हात दे आणि मग घरी येऊन स्नान कर. श्याम तसे करतो. वाचन संपले तेव्हा वर्ग स्तब्ध होता. अशा वेळी शिक्षकाला जे समाधान वाटते ते मलाही वाटले. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, “सर, त्या म्हातारीचं नाव काय?”

मी पाने मागे उलटून पाहिली. नाव नव्हते. “ते दिलेलं नाही,” असे सांगून मी पुढच्या धड्याकडे वळलो. पण प्रश्न माझ्याबरोबर घरी आला. श्यामचे नाव आपल्याला ठाऊक आहे, त्याच्या आईच्या मनातील कालवाकालव ठाऊक आहे, स्नानाची गोष्टही ठाऊक आहे. जिच्या डोकीवर ती मोळी गेली, तिच्याविषयी मात्र ती म्हातारी आहे आणि महारीण आहे यापलीकडे आपल्याला फारसे काही कळत नाही. ही कोणा एका लेखकाची चूक आहे असे मला म्हणावयाचे नाही. अस्पृश्यांसाठी पंढरपूरचे मंदिर खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ज्यांनी प्राण पणाला लावून उपोषण केले, त्या गुरुजींच्या अंतःकरणाविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणाला आहे? प्रश्न अंतःकरणाचा नाही. वस्तीबाहेर जन्मलेला लेखक जेव्हा वस्तीची कथा सांगतो, तेव्हा त्याला काय दिसते आणि काय दिसत नाही, हा प्रश्न आहे. आजच्या भाषणात मी त्याचाच थोडा इतिहास आपणांपुढे मांडणार आहे.

१९३५ साली मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध झाली. तिला ई. एम. फॉर्स्टर या नामवंत इंग्रज कादंबरीकाराने प्रस्तावना लिहिली. फॉर्स्टर यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हे पुस्तक युरोपियन माणसाला लिहिता आले नसते, कारण त्याला ते दुःख पुरते ठाऊक नाही. आणि ते अस्पृश्यालाही लिहिता आले नसते, कारण तो संतापात आणि स्वतःविषयीच्या कणवेत गुंतून पडला असता. ते लिहावयाला बाहेरून पाहणारा हिंदी लेखकच हवा होता. हे विधान सहज पटण्यासारखे आहे. आपणही मनातून पुष्कळदा असेच समजतो की, ज्याला काटा रुतला तो ओरडणार, आणि पायाची चिकित्सा दुसऱ्याने करावयाची. पण हे विधान इतिहासाला मान्य आहे काय?

निदान मराठीचा इतिहास ते मान्य करीत नाही. फॉर्स्टर यांच्या प्रस्तावनेच्या ऐंशी वर्षे आधी, १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत, अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदय’ या पत्रात एक निबंध छापून आला. तो जोतिराव फुल्यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मांग मुलीने लिहिला होता. तिचे वय त्या वेळी चौदा वर्षांच्या आसपास होते. मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिताना तिने संताप लपविला नाही हे खरे. पण ती संतापात अडकूनही पडली नाही. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, असा सरळ प्रश्न तिने विचारला. डोक्यावर छप्पर नसताना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल तिने सांगितले. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून, अज्ञान टाका आणि शिका, असे तिने बजावले. दुःखाचे वर्णन, त्याच्या कारणांचा शोध आणि उपायाचा विचार ही तिन्ही कामे त्या शाळकरी मुलीने केली. फॉर्स्टर ज्या गोष्टीला अशक्य म्हणत होते ती आधीच घडून गेली होती; ती मराठीत घडली होती आणि मराठीतच विसरली गेली होती.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. मुक्ताबाईचा निबंध १८५५ चा. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा उल्लेख होतो ती बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ ची. म्हणजे मराठी कादंबरी जन्माला येण्यापूर्वी दोन वर्षे वस्तीतील आवाज मराठी छापखान्यातून बाहेर पडला होता. बाबा पदमनजी हे ख्रिस्ती झालेले गृहस्थ. त्यांनी कादंबरीला विषय घेतला तो विधवांच्या दुःखाचा, आणि तो धैर्याने घेतला. पण त्यांचे पर्यटन मुक्ताबाईच्या वस्तीपर्यंत पोचले नाही. पुढेही कितीतरी वर्षे मराठी कादंबरी राजवाड्यांतील अद्भुत कथांत आणि नंतर पुण्या-मुंबईच्या पांढरपेशा घरांत रमली. महारवाडा आणि मांगवाडा हे तिच्या पानांच्या कडेला, गावकुसाबाहेरच राहिले.

या बाबतीत आमच्या शेजारची तेलुगू कादंबरी आपल्या पुढे गेली हे हैदराबादेत राहणाऱ्या मराठी माणसाने मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. १९२२ साली उन्नव लक्ष्मीनारायण यांनी ‘मालपल्ली’ ही कादंबरी लिहिली. तेलंगणात आणि आंध्रात माल ही जात साधारणपणे आपल्याकडील महारांच्या ठिकाणी आहे आणि मादिग ही चामड्याचे काम करणारी जात. तेव्हा ‘मालपल्ली’ म्हणजे आपल्या भाषेत महारवाडा. लेखक गुंटूर जिल्ह्यातील ब्राह्मण, डब्लिनला जाऊन बॅरिस्टर झालेले, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते आणि गुंटूरच्या शारदा निकेतन या स्त्रीशिक्षणसंस्थेचे संस्थापक. पलनाड भागातील जंगल सत्याग्रहात त्यांना तुरुंगवास घडला आणि ही कादंबरी त्यांनी वेल्लोरच्या तुरुंगात लिहिली.

कथा रामदास नावाच्या माल कुटुंबप्रमुखाची आहे. तो भाविक आहे, विचारी आहे. त्याचा एक मुलगा संगदास हा गावच्या चौधरय्या नावाच्या जमीनदाराकडे राबतो. तो न्यायाची भाषा बोलतो, मजुरांना एकत्र येण्यास सांगतो, आणि जमीनदाराचाच मुलगा त्याचा जिवलग मित्र होतो. या संगदासाला चौधरय्याच्या हातून मरण येते. दुसरा मुलगा वेंकटदास हा वेगळ्या वाटेने जातो. तो बंडखोर होतो, श्रीमंतांना लुटतो. एकाच झोपडीतून निघालेल्या या दोन वाटा. लेखकाचे मन कोणत्या वाटेवर आहे हे शोधण्यासाठी फार लांब जावयास नको, कारण कादंबरीचे दुसरे नावच ‘संगविजयम्’ असे आहे. विजय संगदासाचा.

मद्रास सरकारला मात्र ही कादंबरी सौम्य वाटली नाही. १९२३ साली तिच्यावर बंदी आली. १९२८ मध्ये काही भाग गाळून ती उठली, १९३६ मध्ये पुन्हा आली आणि १९३७ मध्ये मद्रास प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ अधिकारावर आल्यानंतर ती दूर झाली. महारवाड्यावरील कादंबरीचे सरकारला एवढे भय का वाटावे? मला वाटते, त्याचे उत्तर कादंबरीच्या खऱ्या सामर्थ्यात आहे. उन्नव यांनी मालपल्लीचे चित्र सहानुभूतीने काढले आहे. पण त्यांची लेखणी अगदी निःशंकपणे चालते ती चौधरय्याच्या वाड्यात. मजुरी धान्यात द्यावी की पैशात, याविषयीची जमीनदाराची गणिते, पोलीस आणि कोर्ट यांच्याशी असलेले त्याचे संधान, आणि हे सर्व करून स्वतःला सज्जन मानण्याची त्याची हातोटी, हे वकील असलेल्या आणि वरच्या जातीत जन्मलेल्या लेखकाला आतून ठाऊक होते. रामदासाच्या कुटुंबाकडे येताना हाच लेखक थोडा हात आखडतो. ही माणसे फार सोशिक, फार पवित्र होतात. त्यांच्या तोंडी वेदान्त आणि भजन येते, पण क्षुद्र भांडण, मत्सर किंवा पोटभर हसू क्वचितच येते. जणू वाचकाने त्यांना माणूस मानावे यासाठी त्यांनी आधी संत असल्याचा दाखला आणावयाचा.

याच सुमारास वस्तीतील माणसे स्वतः काय करीत होती? १९१७ साली विजयवाड्यास ‘पंचम’ म्हणविल्या जाणाऱ्या लोकांची परिषद भरली. अध्यक्ष होते हैदराबादचे भाग्यरेड्डी वर्मा. १८८८ साली एका माल कुटुंबात जन्मलेल्या या पुरुषाने १९०६ मध्ये येथे जगन्मित्र मंडळी स्थापिली होती आणि १९१० पासून इसामिया बाजारात व अन्यत्र आपल्या लोकांच्या मुलांसाठी शाळा काढल्या होत्या. ज्यांच्या स्मरणार्थ आज नारायणगुड्यात केशव स्मारक शाळा उभी आहे, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर, तसेच वामनराव नाईक, हे मराठी पुढारी या शहराच्या सार्वजनिक जीवनात वावरत होते तो हाच काळ. विजयवाड्याच्या परिषदेत भाग्यरेड्डींनी पहिला आक्षेप घेतला तो नावावर. ‘पंचम’ हे नाव आम्ही घेतलेले नाही, ते आमच्यावर लादलेले आहे. आम्ही या भूमीचे मूळचे रहिवासी आहोत, असे त्यांचे म्हणणे. त्या परिषदेचे नाव बदलून ‘आदि-आंध्र’ असे झाले. पुढे निजामच्या राज्यातील १९३१ च्या खानेसुमारीत ‘आदि-हिंदू’ अशी नोंद झाली. माझ्या विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न भाग्यरेड्डींनी शंभर वर्षांपूर्वी आणखी मोठ्या सभेत विचारला होता : आमचे नाव काय, आणि ते ठरविणार कोण?

१९३१ साली भाग्यरेड्डींनी आपल्या ‘भाग्यनगर’ या पत्रात ‘वेट्टी मादिग’ ही कथा छापली. वेट्टी म्हणजे आपली वेठ. जमीनदार आणि अधिकारी यांच्यासाठी बिनमोल राबण्याची तेलंगणातील सक्ती. तेलुगू साहित्यात दलित लेखकाने लिहिलेल्या अगदी आरंभीच्या कथांत तिची गणना होते. परंतु येथे एक बारीक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भाग्यरेड्डी स्वतः माल होते आणि त्यांचा नायक मादिग आहे. माल आणि मादिग यांच्यातही वरखालीचा भेद आहे. १९९४ पासून मादिगांनी आपल्या वेगळ्या वाट्यासाठी जी दंडोरा चळवळ चालविली, तिने तो सर्वांपुढे आणला. म्हणजे परकेपणालाही पायऱ्या असतात. गावाला जो आतला वाटतो तो शेजारच्या झोपडीला परका असू शकतो.

कानडीत १९३३ साली शिवराम कारंतांची ‘चोमन दुडी’ आली. कारंतही ब्राह्मण. त्यांच्या चोमाला एकच इच्छा आहे : स्वतःच्या जमिनीचा तुकडा स्वतः नांगरावा. त्याच्या दारात बैल आहेत, पण त्याच्या जातीला जमीन कसण्याची परवानगी नाही. मनातले सारे तो आपल्या दुडीवर, म्हणजे एका चर्मवाद्यावर, वाजवितो आणि दुडी वाजवीतच मरतो. परक्या लेखणीने लिहिलेल्या कादंबऱ्यांत मला ही कादंबरी विशेष प्रामाणिक वाटते, कारण चोमाच्या दुःखावर कारंत उपाय सुचवीत नाहीत. जमीन का नाही एवढेच ते दाखवितात, आणि थांबतात.

मुल्कराज आनंद यांनी नेमके उलट केले. त्यांचा बखा हा छावणीतील झाडूवाल्यांच्या जमादाराचा मुलगा. कादंबरीत त्याचा एकच दिवस आहे. बाजारात चुकून एका सवर्णाला धक्का लागल्याने त्याने खाल्लेली थप्पड वाचकाच्या गालावर उमटते. पण दिवस मावळू लागला की लेखक त्याच्यापुढे एकामागून एक तीन वैद्य उभे करतो. पहिला साल्वेशन आर्मीचा इंग्रज पाद्री, दुसरे प्रत्यक्ष महात्मा गांधी आणि तिसरा एक कवी, जो सांगतो की, पाण्याने वाहून जाणारे संडास आले की भंग्याचे काम संपेल व त्याबरोबर अस्पृश्यताही. बखा तिघांचेही ऐकतो आणि घरी जातो. औषध कोणते घ्यावे याची चर्चा त्याच्या डोक्यावरून चालते. बखाला स्वतःला काय सुचले असते, हे त्याला कोणी विचारीत नाही.

यांतील पाद्र्याच्या प्रसंगाविषयी कॅथलिक म्हणून मला दोन शब्द बोलणे प्राप्त आहे. तो प्रसंग थट्टेचा आहे. पाद्री भजने गात राहतो आणि बखाला त्याचा अर्थ कळत नाही. पहिल्याने वाचला तेव्हा मला तो बोचला. नंतर १८९२ ची ‘सरस्वतीविजयम्’ ही मल्याळम कादंबरी माहीत झाली. तिचे लेखक पोतेरी कुंजंबू हे कण्णूरचे वकील, जातीने तिय्या. त्यांच्या कथेत नंबुद्री जमीनदाराच्या जुलमातून जिवंत राहिलेला पुलया मुलगा ख्रिस्ती होतो, शिकतो आणि शेवटी न्यायाधीशाच्या आसनावर बसतो. हे वाचून ख्रिस्ती माणसाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. शिक्षणाने दार उघडले हे खरे आहे. ‘ज्ञानोदया’ने मुक्ताबाईचा निबंध छापला हेही खरे आहे. परंतु बाप्तिस्मा झाला आणि जात गेली, असा शेवट कादंबरीतच होतो. या देशात अनेक ठिकाणी जात देवळातून उठून चर्चच्या बाकांवर येऊन बसली, स्मशानातही तिने आपली वेगळी जागा राखली, हे आम्हांला ठाऊक आहे आणि ते आम्ही पुष्कळदा हलक्या आवाजात बोलतो. तेव्हा आनंद यांच्या पाद्र्यावर रागावण्याऐवजी मी त्यात स्वतःचा चेहरा पाहावयास शिकलो. आपले औषध घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणारा आणि रोग्याचे म्हणणे ऐकून न घेणारा वैद्य कोणत्याही धर्माचा असू शकतो.

आता महाराष्ट्राकडे वळू. वस्तीत प्रत्यक्ष पाय ठेवून मग लेखणी उचललेल्या सवर्ण मराठी लेखकांत श्रीपाद महादेव माटे यांचे नाव आधी घेतले पाहिजे. पुण्यात ते अनेक वर्षे अस्पृश्यांच्या मुलांसाठी रात्रीची शाळा चालवीत. सनातनी लोकांनी त्यांना ‘महार माटे’ असे हिणविले आणि त्यांनी ते नाव बिरुदासारखे मिरविले. १९३३ साली त्यांनी ‘अस्पृष्टांचा प्रश्न’ हा ग्रंथ लिहिला आणि १९४१ साली ‘उपेक्षितांचे अंतरंग’ हा कथासंग्रह. ह्या कथांत रानावनांतली, नदीकाठची, गावाने टाकलेली माणसे आली. ‘तारळ खोऱ्यातील पिऱ्या’सारख्या कथेत नावही आले. जे माट्यांनी पाहिले ते इतर अनेकांनी पाहिलेच नव्हते. पण त्या संग्रहाचे शीर्षक एकदा पुन्हा ऐका. उपेक्षितांचे अंतरंग. ही माणसे उपेक्षित कोणाच्या दृष्टीने? त्यांच्या आईबापांनी, शेजाऱ्यांनी, देवांनी तर त्यांची उपेक्षा केली नव्हती. ‘उपेक्षित’ या शब्दात उपेक्षा करणारा हाच मध्यभागी उभा असतो. माट्यांसारख्या कळवळ्याच्या माणसालाही त्या जागेवरून पुरते हलता आले नाही. १९४९ साली व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आली. तिच्यात ‘धर्मा रामोशी’सारखी व्यक्तिचित्रे आहेत, उपदेश गेला, पाल्हाळ गेले, माणूस समोर आला. तरी नावापुढे आडनावाच्या जागी जात आहे, आणि ती तशी असणे हेच त्या गावाचे सत्य होते.

यानंतर मात्र पाने भराभर उलटू लागतात. १९५० साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. त्या वेळी औरंगाबाद हैदराबाद राज्यात होते, हे आमच्या येथील मराठी माणसाने विसरू नये. १९५८ च्या मार्चमध्ये मुंबईस पहिले दलित साहित्य संमेलन भरले आणि त्याचे उद्घाटन अण्णा भाऊ साठे यांनी केले. १९५९ साली त्यांची ‘फकिरा’ आली. १९६३ साली बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले. पुढे ‘जिणं आमुचं’मध्ये बेबीताई कांबळे यांनी आणि २००३ साली ‘आयदान’मध्ये ऊर्मिला पवार यांनी वस्तीतील स्त्रीचे जिणे सांगितले, आणि पुरुषांनी लिहिलेल्या आत्मकथांतही बायका कशा कडेला राहिल्या होत्या ते दाखवून दिले.

या पुस्तकांनी काय बदलले, हे ‘मालपल्ली’ शेजारी ठेवले की स्पष्ट दिसते. वेंकटदास लुटतो आणि फकिराही लुटतो. उन्नव यांनी आपल्या ग्रंथाला विजयाचे नाव दिले ते वेंकटदासाच्या शांत भावाच्या नावाने. अण्णा भाऊंचा फकिरा मात्र उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो आणि कथेचा अभिमानाने उभा असलेला नायक राहतो. आपल्या कृतीबद्दल त्याला कोणाचीही क्षमा मागावी लागत नाही. अण्णा भाऊंना मांगवाड्यातील शौर्य सिद्ध करावयाचे नव्हते, कारण त्याविषयी त्यांना शंकाच नव्हती. बागुलांच्या कथेत माणसे चिडतात, खोटे बोलतात, जात लपवितात. ‘बलुतं’मध्ये तर लेखक स्वतःची भीती, स्वतःची लाज आणि आपल्याच नातलगांचे दोष उघड्यावर मांडतो, आणि तेही कित्येकदा हसत. संत असल्याचा दाखला मागण्याची पद्धत येथे संपली. फॉर्स्टर यांना वाटले होते की आतला माणूस स्वतःविषयीच्या कणवेत बुडेल. प्रत्यक्षात कणव अधिक होती ती बाहेरच्यांच्या पुस्तकांत. आतल्यांच्या पुस्तकांत हिशेब होता.

मग परक्यांनी लिहिलेल्या या कादंबऱ्या आता कपाटात ठेवून द्यावयाच्या काय? असे म्हणणारे आहेत, आणि त्यांचा राग मला समजतो. प्रेमचंदांच्या ‘कफन’ कथेतील घीसू आणि माधव हे चांभार बापलेक घरातील सुनेच्या कफनाचे पैसे दारूत उडवितात. या चित्रणावर हिंदीतील दलित लेखकांनी कठोर टीका केली आहे. २००४ साली दिल्लीत प्रेमचंदांच्याच ‘रंगभूमी’च्या प्रती जाळण्यात आल्या. पुस्तके जाळणे मला शिक्षक म्हणून मान्य नाही. पण ज्यांच्या घरात पुस्तकच येऊ दिले नव्हते त्यांनी आज पुस्तकाशी भांडावे, हे मला वाईट लक्षण वाटत नाही. ज्याला वाचता येते तोच पुस्तकावर रागावतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, या कादंबऱ्या ज्या गोष्टीची साक्ष देऊ शकतात तिच्यासाठी त्यांना उभे करावे. न्यायालयात ज्याने घाव सोसला त्याची जबानी घेतात; ज्याच्या घरच्या माणसांनी घाव घातला त्याचीही घेतात. दुसऱ्याने पहिल्याच्या वतीने बोलू नये, पण आपल्या घरात काय घडले ते त्याने सांगितलेच पाहिजे. उन्नव यांनी चौधरय्याचा वाडा उघडा केला, आनंदांनी थप्पड मारणारा हात दाखविला, कारंतांनी जमीन नाकारणारा धनी दाखविला. या साक्षी आतल्या माणसाला तितक्या बारकाईने देता आल्या नसत्या, कारण त्याला त्या वाड्यात प्रवेशच नव्हता. मद्रास सरकारने बंदी घातली ती रामदासाच्या भजनांवर नव्हे. परक्या लेखणीचे मोल आहे ते तेथे. वस्तीचे चित्र म्हणून आपण ही पुस्तके वाचली तर ती अपुरी ठरतात. गावाचा कबुलीजबाब म्हणून वाचली तर ती आजही आपल्याला झोपू देत नाहीत.

आमच्या धर्मात कबुलीजबाबाला मोठे स्थान आहे. पापाची कबुली देणाऱ्याने आपल्याच पापाविषयी बोलावयाचे असते, हा त्यातील पहिला नियम. दुसऱ्याच्या दुःखाचे वर्णन करून स्वतःच्या डोळ्यांत पाणी आणणे म्हणजे कबुली नव्हे.

पुढच्या वर्षी तोच धडा पुन्हा आला तेव्हा मी थोडा क्रम बदलला. आधी मुक्ताबाईंची हकिगत सांगितली. चौदा वर्षांची मुलगी, पुण्यातील शाळा, १८५५ साल. मग ‘श्यामची आई’तील तेच प्रकरण वाचले. श्यामच्या आईने मोळी उचलावयास सांगितली हे तिचे मोठेपण. आणि स्नान करावयास सांगितले, ही त्या घराची, त्या गावाची आणि आपल्या सर्वांची कबुली. गुरुजींनी ती लपविली नाही, म्हणून ते प्रकरण खरे आहे. एवढे सांगून झाल्यावर मी मुलांना म्हणालो, या म्हातारीचे नाव या पुस्तकात नाही. ते कोणत्या पुस्तकांत शोधावयाचे, ती पुस्तके मी ग्रंथालयातून आणून ठेवली आहेत.

टेबलावर ‘फकिरा’ होती, ‘बलुतं’ होते, ‘जिणं आमुचं’ होते. मधल्या सुट्टीनंतर येऊन पाहिले तेव्हा तीनपैकी दोन पुस्तके मुले घेऊन गेली होती.